बालकाची साक्ष : एडमंड गॉस यांच्या ‘फादर अँड सन’ची चिकित्सा

धर्मांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रौढ माणूस उभा राहतो. जुन्या धर्माचे चटके त्याने सोसलेले असतात, नव्या धर्माची पारख त्याने केलेली असते, आणि मग विचारपूर्वक तो एक उंबरठा ओलांडतो. दहा वर्षांच्या मुलाने धर्म स्वीकारला असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा मात्र नेमके काय घडलेले असते? ज्याने अजून काही धरलेलेच नाही, त्याने सोडले काय? आणि पुढे त्याच मुलाच्या मनात संशय उत्पन्न झाला, तर त्याचा उगम कोठे शोधावयाचा?

हे प्रश्न मनात ठेवून एडमंड गॉस यांचा ‘फादर अँड सन’ हा ग्रंथ वाचण्यासारखा आहे. १९०७ साली लंडनच्या हाइनमान या प्रकाशनसंस्थेने तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. दोन प्रकृतींचा अभ्यास, असे त्याचे उपशीर्षक आहे. गॉस त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे, इंग्रजी वाङ्मयक्षेत्रातील नामवंत समीक्षक होते. आणि ज्या पित्याविषयी ते लिहीत होते, त्यांच्या निधनाला एकोणीस वर्षे होऊन गेली होती. डार्विनने बायबलचा पाया खणला आणि त्या ढिगाऱ्यातून एक मुलगा सुखरूप बाहेर पडला, असा या ग्रंथाचा सोपा अर्थ लावला जातो. आपल्याकडील बुद्धिप्रामाण्यवादी वाचकालाही ख्रिस्ती धर्मावरील एक प्रहार म्हणून तो हाती घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकास तो अर्थ अपुरा वाटतो. ग्रंथ नीट वाचला तर ध्यानात येते की या मुलाच्या संशयाला डार्विनचा स्पर्शही झालेला नाही. तो संशय त्याला घरातच मिळाला, आणि तो देणारा माणूस त्याचा श्रद्धाळू पिताच होता.

पिता फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) हे साधे गृहस्थ नव्हते. कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढता ते निसर्गशास्त्रज्ञ झाले. तरुणपणी न्यूफाउंडलंड, कॅनडा, अलाबामा असा प्रवास त्यांनी केला. पुढे जमैकात राहून तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला. समुद्रातील जीव काचेच्या टाकीत जिवंत ठेवून पाहण्याची आवड इंग्रज समाजात पसरली ती मुख्यतः त्यांच्या १८५४ च्या ‘द ॲक्वेरियम’ या पुस्तकामुळे. १८५६ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हाच मनुष्य प्लिमथ ब्रदरन या पंथाचा निष्ठावंत अनुयायी होता. या पंथाला पगारी पाद्री मान्य नव्हता. पवित्र शास्त्रातील प्रत्येक शब्द अक्षरशः खरा, प्रभूचे पुनरागमन आज किंवा उद्या होणार, आणि ज्याचा नवा जन्म झालेला नाही त्याचा नाश ठरलेला, ही त्यांची धारणा. आई एमिली याही त्याच निष्ठेच्या. धर्मप्रसाराच्या छोट्या पुस्तिका लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलगा जन्मला त्या दिवशी पित्याने दैनंदिनीत दोन नोंदी एकापुढे एक केल्या : पुत्र झाला, आणि जमैकाहून एक हिरवी पाकोळी आली. गॉस यांनी ही नोंद काहीशा मिस्किलपणे सांगितली आहे. मला तीत थट्टेपेक्षा अधिक काही दिसते. या घरात जे जे येई त्याचे काटेकोर निरीक्षण होई, आणि निरीक्षण झाले की नोंद होई. मुलगा त्याला अपवाद नव्हता. आणि पुढे मुलानेही पित्याला अपवाद केले नाही.

या घरात गोष्टीला बंदी होती. जे घडले नाही ते सांगणे म्हणजे असत्य, असे आईचे मत होते. स्वतः त्यांना लहानपणी गोष्टी रचण्याची विलक्षण ओढ होती. कोणीतरी ते पाप आहे असे सांगितले, आणि त्यांनी ती ओढ जन्मभर दाबून टाकली. परिणामी एडमंडला राजा-राणी, राक्षस, पऱ्या यांची ओळखच झाली नाही. माळ्यावरच्या एका जुन्या पेटीच्या आत अस्तर म्हणून एका सनसनाटी कादंबरीची पाने चिकटविलेली होती. ती या मुलाने गुडघे टेकून वाचली, आणि सारे खरोखर घडलेले आहे असे समजून तो भयभीत झाला. कल्पित म्हणून काही असते, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्याला खरे व कल्पित यांतील भेद शिकविलेला नाही, त्याच्यापुढे प्रत्येक वाक्य एकच प्रश्न घेऊन येते : हे खरे आहे की नाही? आई-वडिलांनी श्रद्धेच्या रक्षणासाठी जी भिंत बांधली, तिनेच मुलाला चिकित्सक केले.

सहाव्या वर्षाच्या सुमारास घडलेली एक क्षुल्लक घटना गॉस सांगतात. मुलाच्या समक्ष घडलेला एक प्रसंग वडिलांनी आईला सांगितला, आणि तो थोडा चुकीचा सांगितला. हेतुपुरस्सर नव्हे, त्यांना खरे ठाऊक नव्हते, एवढेच. मुलगा मात्र हादरला. तोपर्यंत पिता आणि परमेश्वर या दोघांना सर्व काही ठाऊक असते, अशी त्याची समजूत होती. त्यानंतर एकदा बागेतील कारंज्याच्या नळाला त्याने खेळता खेळता भोक पाडले. कारंजे बंद पडले, दोष कारागिरांवर गेला, आणि वडिलांना काही कळले नाही. येथे गॉस एक अतिशय सूक्ष्म निरीक्षण नोंदवितात. या शोधाने मुलाला भय वाटले, पण त्याबरोबरच एक सोबतीही मिळाला. आपल्या आत आणखी कोणीतरी आहे, त्याच्याशी आपण बोलू शकतो, आणि तो कोणालाही दिसत नाही, हे त्याला उमगले. संशयाचा हा पहिला कोंब आहे आणि त्यात देवाचा संबंध अजून आलेलाच नाही. मुलाला कळले ते इतकेच की जो बोलतो त्याला सर्व ठाऊक असतेच असे नाही.

पुढचा प्रसंग या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय. लाकूड आणि दगड यांपुढे वाकणाऱ्या मूर्तिपूजकांच्या उद्धारासाठी रोज प्रार्थना होई. मुलाने विचारले, इंग्लंडात कोणी लाकडापुढे वाकले तर काय होईल? वडील म्हणाले, परमेश्वर कोपेल आणि तो कोप प्रकट करील. एके सकाळी घरात कोणी नसताना मुलाने एक लहान खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तिच्यापुढे गुडघे टेकले, आणि देवाच्या जागी खुर्चीचे नाव घेऊन आपली नित्याची प्रार्थना म्हटली. मग तो वाट पाहत राहिला. ऊन तसेच होते, रस्ता तसाच होता. काही झाले नाही.

यातून मुलाने काढलेला निष्कर्ष पाहण्यासारखा आहे. देव नाही, असे तो म्हणाला नाही. देवाला या गोष्टीची पर्वा दिसत नाही, आणि अर्थात देवाच्या मनात काय आहे हे वडिलांना नक्की ठाऊक नाही, एवढेच त्याने ठरविले. सहा वर्षांच्या मुलाच्या मानाने हे अनुमान किती निर्दोष आहे! पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच त्याने घेतले, त्यापुढे पाऊल टाकले नाही. समुद्रफुलांचे चित्र काढताना डोळ्यांना दिसते तेवढेच काढावे, हे त्याला कोणी शिकविले होते? वडिलांनीच.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लंडनच्या त्या दिवाणखान्यात ज्या मूर्तिपूजकांसाठी प्रार्थना होत असे, त्यांत हा आपला देशही आलाच. त्या मुलाला खुर्ची टेबलावर ठेवून लाकडातील देवाची परीक्षा घेता आली. त्याच काळी आपल्या पणज्यांना देवळातल्या दगडापर्यंत पोहोचण्याचीच बंदी होती, आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला तोही त्या दारापाशी उभे राहण्याच्या हक्कासाठी. ज्याला दारातच अडविले जाते, त्याला मूर्ती कोपते की नाही हे पाहण्याची संधीही मिळत नाही. संशय घेण्यासाठीसुद्धा आधी जवळ जाता यावे लागते.

१८५७ च्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने वारल्या. मृत्युशय्येवर त्यांनी आपला एकुलता एक मुलगा प्रभूला अर्पण केला, आणि पतीकडून तसे वचन घेतले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. आईच्या या शेवटच्या शब्दाचे ओझे त्याच्यावर जन्मभर राहिले. त्याच वर्षी बापलेक डेव्हन परगण्यातील सेंट मेरीचर्च येथे राहावयास गेले, आणि त्याच वर्षी फिलिप यांचा ‘ओम्फॅलॉस’ हा दुर्दैवी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदमाला आई नसतानाही बेंबी होती. त्याचप्रमाणे पृथ्वीही निर्माण होतानाच जीवाश्मांसह, म्हणजे कधीच न घडलेल्या भूतकाळाच्या खुणांसह, निर्माण झाली, असा त्यातील युक्तिवाद. शास्त्रज्ञांनी तो झिडकारला आणि धार्मिकांनाही तो रुचला नाही. सृष्टिकर्त्याने खडकांवर असत्य लिहून ठेवले हे मला मानवत नाही, अशा आशयाचे पत्र चार्ल्स किंग्जली यांनी पाठविले. या ग्रंथाची थट्टा फार झाली आहे, ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. घराच्या दृष्टीने त्याचा परिणाम एवढाच झाला की, पत्नी आणि कीर्ती एकाच वर्षी गमावलेल्या या माणसाजवळ आता फक्त मुलगा उरला. त्या वर्षीच्या नाताळात मोलकरणींनी चोरून केलेल्या पुडिंगचा तुकडा मुलाने खाल्ला, आणि मूर्तीला वाहिलेले अन्न खाल्ले म्हणून रडत तो वडिलांकडे धावला. वडिलांनी ते पुडिंग राखेच्या ढिगात नेऊन पुरले. (ऑस्ट्रेलियन कादंबरीकार पीटर केरी यांनी १९८८ च्या ‘ऑस्कर अँड लुसिंडा’ या कादंबरीत हा प्रसंग उचलला आहे.)

आता मुख्य घटनेकडे येऊ. या पंथात बाप्तिस्मा अर्भकाला देत नसत. प्रत्येकाने पश्चात्ताप करावा, तारण झाल्याची खात्री अंतःकरणात अनुभवावी, मंडळीपुढे तशी साक्ष द्यावी आणि मगच पाण्यात उतरावे, असा नियम होता. तत्त्व म्हणून हा नियम उदार आहे. जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही, असेच तो सांगतो. परंतु फिलिप यांना थांबवेना. आपला मुलगा तान्हेपणापासूनच श्रद्धावान आहे, तेव्हा त्याच्या बाबतीत पश्चात्तापाचा ठराविक दिवस दाखविण्याची गरज नाही, असे त्यांनी मंडळीला पटवून दिले. दोन ज्येष्ठ सभासदांनी मुलाची वेगवेगळी परीक्षा घेतली. मुलाला उत्तरे पाठ होती. नव्हे, त्या उत्तरांखेरीज दुसरी भाषाच त्याच्याजवळ नव्हती. परीक्षक सद्गदित झाले. दहा वर्षांचा एडमंड, डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले त्याच सुमारास, दिव्यांच्या उजेडात, दाटीवाटीने भरलेल्या प्रार्थनागृहात पाण्यात उतरला आणि प्रौढांच्या प्रभुभोजनाचा अधिकारी झाला.

आणि मग? मग तो इतर पोरांना जीभ काढून दाखवू लागला. आपण संतांच्या पंक्तीत बसलो आणि तुम्ही नाही, हे त्यांना कळावे म्हणून. संपूर्ण ग्रंथात इतका खरा तपशील दुसरा नाही. मुलगा ढोंगी नव्हता. त्याने जे सांगितले ते खोटे आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हते. जो अनुभव त्याला आलेलाच नाही त्याची साक्ष त्याच्याकडून घेतली गेली, आणि ती इतकी उत्तम वठली की त्या अनुभवाची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही. माझ्या मते या ग्रंथातील खरा अपराध हा आहे. मुलाला बायबल शिकविणे, प्रार्थनेला बसविणे, पुडिंग नाकारणे, या साऱ्या गोष्टी कडक असतील. पण संस्कार प्रत्येकच घर करते. संस्कार करणे वेगळे आणि संस्कार घडला अशी कबुली मुलाकडून वदवून घेणे वेगळे.

हा भेद आपल्यालाही तपासावा लागेल. विनयपिटकाच्या महावग्गात बालकांच्या प्रव्रज्येचा प्रश्न आलेला आहे. राहुलाने वारसा मागितला आणि सारिपुत्तांकरवी त्याला प्रव्रज्या मिळाली. तेव्हा शुद्धोदनाने भगवंतांपुढे आजोबाचे दुःख मांडले, आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रजित करू नये, असा नियम झाला. उपाली आणि त्याचे सोबती अशा सतरा मुलांना भिक्षू केले गेले, ती रात्री उठून पेजेसाठी रडू लागली. तेव्हा उपसंपदेला वीस वर्षांची अट आली. नियम करुणेचे आहेत यात शंका नाही. पण त्यांची कारणे पाहा : एकात पालकांचे दुःख, दुसऱ्यात मुलांची भूक. मुलाला स्वतःला काय वाटते, त्याच्या मनाने काय पाहिले, हा प्रश्न तेथेही थेट विचारलेला नाही. केसमुत्तीच्या कालामांना जे सांगितले ते प्रौढांना सांगितले होते. आपल्या परंपरेत सारे आधीच सुटलेले आहे, अशा समजुतीने गॉस यांचे पुस्तक वाचणाऱ्याने येथे थोडे थांबावे. मी स्वतः थांबलो, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी रविवारच्या बालवर्गात त्रिशरण-पंचशील चालू असता एका मुलाने मला विचारले होते, “सर, मी हे म्हटलं नाही तर काय होईल?” वंदना चालू असताना प्रश्न विचारू नयेत, असे मी त्याला म्हणालो. गॉस यांच्या पुस्तकातील खुर्चीचा प्रसंग वाचताना तो मुलगा मला आठवला. त्याने विचारलेला प्रश्न आणि एडमंडचा प्रश्न एकच होता. आणि फिलिप यांनी निदान उत्तर तरी दिले होते.

एडमंडचा शेवटचा प्रयोग शाळेत घडतो. आता तो तरुण झालेला आहे, कविता वाचू लागला आहे, तरी प्रभू येणार हा विश्वास अजून शाबूत आहे. उन्हाळ्यातील एका संध्याकाळी, इतर मुले बाहेर गेलेली असताना, तो खिडकीपाशी एकटा बसला होता. समोर मावळतीचे अपार सौंदर्य पसरलेले. त्याचे मन भरून आले, आणि प्रभूने या क्षणी यावे व आपल्याला घेऊन जावे अशी त्याने उत्कट प्रार्थना केली. तो वाट पाहत राहिला. मग वारा सुटला, प्रकाश मंद झाला, मुलांचा गलका ऐकू आला, चहाची घंटा वाजली. प्रभू आला नव्हता; आणि आता येणारही नाही, असे त्याला वाटून गेले.

खुर्ची आणि खिडकी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. रचना तीच आहे : एक विधान, त्याची परीक्षा, प्रतीक्षा, आणि काहीही न घडणे. पहिल्या वेळी मुलाने कोपाची वाट पाहिली, दुसऱ्या वेळी प्रेमाची. या दोहोंच्या मध्ये बाप्तिस्मा उभा आहे. तेथे मात्र पुष्कळ काही घडले. दिवे लागले, स्तोत्रे झाली, माणसे रडली. पण ते सारे माणसांनी घडविले होते. स्वतः एकटा असताना या मुलाने दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा शांतताच मिळाली. गॉस हे सूत्र कोठेही उघड करून सांगत नाहीत. कदाचित त्यांच्याही ते लक्षात आले नसेल; पण ग्रंथाची खरी शक्ती त्यात आहे, डार्विनवरच्या प्रकरणात नाही.

येथे आपल्या वाचकांना दुसऱ्या एका पितापुत्रांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेली, परंतु १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत न आलेली प्रस्तावना अनेकांनी वाचली असेल. रामजी सुभेदारांच्या घरातही धार्मिक शिस्त कडक होती. मुलांनी रामायण-महाभारत नित्य वाचावे असा त्यांचा आग्रह असे. ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारे हे ग्रंथ आम्ही का वाचावेत, असे मुलाने सरळ विचारले. रामजींनी उत्तर दिले : आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये, म्हणून द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी कोठून कोठे चढले ते पाहा. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीही आपल्याला का पटत नाही, तेही त्याने सांगून टाकले. त्यावर वडील गप्प राहिले; मुलाच्या मनात बंड उभे राहिले आहे हे त्यांनी ओळखले होते. याच मुलाच्या हाती पुढे केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र दिले.

हे दोन पिते निष्ठेत एकमेकांना हार जाणारे नव्हते. रामजींनी वाचन सक्तीचे केले; पण वाचलेले आपल्याला पटले आहे अशी कबुली मुलाकडून मागितली नाही. म्हणून तो संशय त्यांच्या तोंडावर बोलून दाखवू शकला. एडमंडचा संशय त्या अदृश्य सोबत्याच्या स्वाधीन झाला आणि दहा वर्षे तेथेच वाढत राहिला. १८६७ साली तो ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला, त्यानंतर डेव्हनहून पत्रांचा पाऊस सुरू झाला : प्रार्थना करतोस का, शास्त्र वाचतोस का, प्रभूशी तुझे चालणे कसे आहे? दहाव्या वर्षी घेतलेली परीक्षा आता टपालाने चालू होती. अखेर सुट्टीत घरी आलेल्या मुलाला काचगृहात, ऑर्किडच्या फुलांमध्ये, वडिलांनी पुन्हा तेच विचारले, आणि मुलाचा बांध फुटला.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष सत्यतेचा. प्रस्तावनेत गॉस यांनी अक्षरशः खऱ्या वृत्तांताची ग्वाही दिली आहे. पण अर्धशतकापूर्वीचे संवाद इतके नेटके कोणाला आठवतात? चरित्रकार ॲन थ्वेट यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या फिलिप गॉस यांच्या चरित्रात उभा राहणारा पिता बराच मायाळू आहे, आणि मुलाचे बालपणही ग्रंथात दिसते तितके एकाकी नाही. खुर्चीचा प्रयोग अगदी तसाच झाला का, हे सांगण्यास साक्षीदार नाही. माझ्या मते त्यामुळे ग्रंथाचे मोल कमी होते, पण नाहीसे होत नाही. मात्र न्यायालयातील जबानी म्हणून तो वाचू नये.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि इंग्रज समीक्षकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. सेंट मेरीचर्चची मंडळी शेतमजूर, कारागीर, शिवणकाम करणाऱ्या बायका यांची होती. तबेल्यावरच्या एका चुन्याने रंगविलेल्या खोलीत ती जमे. फळ्यांमधून घोड्यांचा उग्र वास वर येई. गॉस त्यांची वर्णने गोडव्याने करतात, पण त्या गोडव्यात वरून पाहणाऱ्याची नजर आहे. त्याच काळी गावोगावच्या अधिकृत चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात आणि गरीब मागे बसत. येथे मात्र रॉयल सोसायटीचा सभासद आणि शेतमजूर एकाच भाकरीचा तुकडा मोडून खात होते, आणि मजुराला उभे राहून मोठ्याने प्रार्थना करण्याचा अधिकार होता. त्या माणसांना या पंथाने काय दिले, हा प्रश्न गॉस विचारत नाहीत. एका मुलाचा कोंडमारा करणारी खोली इतरांना ताठ उभे करणारी असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच छताखाली खऱ्या असतात. ज्यांनी दास्यातून बाहेर पडण्यासाठी धर्म बदलला, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. गॉस यांना ते कळण्याचे कारण पडले नाही.

तिसरे, शेवट फार नीटस आहे. आपले अंतर्जीवन आपणच घडविण्याचा माणसाचा हक्क तरुणाने घेतला आणि जोखड फेकले, येथे ग्रंथ थांबतो. पुढे हेच गॉस हाउस ऑफ लॉर्ड्सचे ग्रंथपाल झाले, १९२५ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि मोठ्या लोकांच्या सहवासाची त्यांना असलेली हौस लंडनमध्ये सर्वश्रुत होती. संतांच्या पंक्तीत बसून जीभ दाखविणारा मुलगा पुरता गेला होता, असे मला वाटत नाही.

पित्याविषयी गॉस यांनी आणखी एक ग्रंथ लिहिलेला आहे. तो १८९० साली, फिलिप यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, लेखकाच्या नावासह प्रसिद्ध झाला. ते सरळ, आदरपूर्वक लिहिलेले शास्त्रज्ञाचे चरित्र आहे. त्यात प्रवास आहेत, ग्रंथ आहेत, समुद्रकिनारे आहेत. शक्य असल्यास वाचकांनी आधी ते वाचावे आणि नंतर १९०७ चे. पहिल्यात मुलगा पित्याची नोंद करतो; खुर्चीपुढे गुडघे टेकलेला मुलगा त्यात कोठेही नाही. त्याला बाहेर यावयास आणखी सतरा वर्षे लागली, आणि तोही प्रथम आला तो नाव न सांगता.